सव्वीस वर्षांची पायरी

थांबाकाकांना खऱ्या नावानं हाक मारणारा आमच्या गल्लीतला शेवटचा माणूस म्हणजे पोस्टमन, आणि तोही नवीन होता तोवरच. जुना झाल्यावर तोसुद्धा दाराशी उभा राहून "थांबाकाका, पत्र!" असं ओरडायला लागला. आतून उत्तर ठरलेलं असायचं, "थांबा!"

हे नाव त्यांनी स्वतः कमावलंय. माणूस वाईन बनवतो. आमची गल्ली संपते तिथून चढ लागतो. त्या चढावर त्यांचे द्राक्षांचे दोन तुकडे, वरचा मळा आणि खालचा मळा. घराखाली तळघर, तळघरात तीन लाकडी पिंपं. संपला कारखाना. वर्षाला सहाशे बाटल्या, त्याही काकू पुसून ठेवतात म्हणून सहाशे वाटतात. आणि त्यातली कुठलीही बाटली तुम्ही उघडायला घेतलीत की हा गृहस्थ तुमचं मनगट धरणार. "थांबा. अजून दोन वर्षं तरी थांबा." एकदा त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. टेबलावर बाटली मांडलेली. आम्ही जेवलो, हात धुतले, गप्पा मारल्या, घरी आलो, तरी बाटली बंदच. काकू म्हणाल्या, "लग्नाच्या वेळीही हे असंच म्हणत होते. माझ्या वडिलांनी ऐकलं असतं तर मी अजून माहेरीच असते."

मी शिंपी. माझं मशीन खिडकीशी आणि खिडकी त्यांच्या अंगणासमोर. त्यांच्या आणि आमच्या तळघरात भिंत एकच. त्यामुळे मी सांगतोय त्यात ऐकीव काही नाही, आणि जे ऐकीव आहे ते थेट भिंतीतून ऐकलेलं आहे.

तर त्यांच्या घराण्याची वाईन करायची एक रीत होती. बाकी सगळे लोक द्राक्षं घडावरून सोडवतात, देठ फेकून देतात आणि मग द्राक्षं तुडवतात. यांचे आजोबा अख्खा घड देठासकट हौदात टाकायचे, वडीलही तसंच करायचे. देठामुळे वाईन तरुणपणी तुरट होते, अगदी तोंड आक्रसून टाकणारी. पण तीच वाईन म्हातारपणी उभी राहते, असं काकांचं म्हणणं. "देठ म्हणजे वाईनचा कणा," ते म्हणायचे. काढणीच्या आधी आठवडाभर ते मळ्यात एकेक देठ चावत हिंडत. तपकिरी देठ दाताखाली बदामासारखा लागला की तयार, हिरवा लागला की थांबा. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, माणसाला घरी कुणी जेवायला घालत नाही.

आता मी माझ्या पापाकडे येतो. लपवून उपयोग नाही, गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे.

एक वर्ष असं आलं की ऊन धड पडलंच नाही. देठ पिकता पिकेनात. कुणाही शहाण्या माणसानं त्या वर्षी देठ काढून टाकले असते. पण वडिलांनी कधी काढले नाहीत, तर मी का काढू, म्हणून काकांनी घड तसेच तुडवले. तीन वर्षं ती वाईन पिंपात राहिली. मग बाटल्या भरल्या आणि दर वर्षीप्रमाणे पहिली बाटली अंगणात सगळ्या शेजाऱ्यांसमोर उघडली. काकांचा निम्म्याहून अधिक माल घेणारा व्यापारी मधल्या खुर्चीवर बसला होता. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा, लग्नाला चारच महिने झालेले, आणि बायकोला हसवणं एवढंच आयुष्याचं ध्येय. मी घोट घेतला. जीभ टाळूला जी चिकटली ती सुटेना. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी बोलून गेलो, "काका, ही प्यायची तर आधी जिभेला अस्तर शिवून घ्यायला हवं!"

अंगण हसलं. आमची ही हसली. व्यापारी तर इतका हसला की त्याला ठसका लागला. ठसका थांबल्यावर त्यानं पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "या वर्षीचं राहू द्या."

काकांनी बाटलीला बूच परत लावलं. त्या वाईनला मात्र गल्लीनं त्याच दिवशी नाव ठेवलं: अस्तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका हातगाडी घेऊन निघाले. दार ठोठावायचं, बारा बाटल्यांची खिळे ठोकलेली लाकडी पेटी उंबऱ्यावर ठेवायची आणि म्हणायचं, "घ्या. रस्सा शिजवा, भांडी घासा, काय वाटेल ते करा. मला ही घरात नको." संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळ्या पेट्या वाटून टाकल्या. स्वतःकडे एक बाटली ठेवली नाही. जो माणूस जन्मभर सगळ्यांना थांबा थांबा सांगत आला, तो त्या एका दिवशी थांबला नाही.

लोकांनीही शब्द पाळला. कुणी रस्सा केला. कोपऱ्यावरच्या पाववालीनं तिची तांब्याची पातेली घासली आणि ती अशी लखलखली की चार बायका तिच्याकडे उरलेली मागायला गेल्या. आमची पेटी मी तळघरात नेऊन ठेवली. प्यायची हिंमत नव्हती आणि फेकायची लाज वाटत होती.

महिन्याभरानं काकांनी अंगणातून विचारलं, "शिंप्या, ती पेटी काय झाली रे?"

"संपली की काका! फार छान लागली."

एवढं पुरे होतं, पण मी कसला थांबतो! पुढच्या वर्षी मी सांगितलं की माझ्या साडूनं ती पिऊन तोंडभर स्तुती केली. त्याच्या पुढच्या वर्षी साडूनं आणखी मागितली. दहाव्या वर्षापर्यंत साडूचे साहेबही त्यात आले. काका नुसतं "हं" म्हणायचे.

त्यानंतर काकांनी देठ ठेवणं बंद केलं. काढणीच्या दिवसांत ते आणि काकू जाळीवर घड घासून द्राक्षं सोडवायचे आणि देठांचा ढीग अंगणात पडायचा. व्यापारी परत आला, माल जाऊ लागला, लोक म्हणाले, वाईन आता कशी मऊ झाली. काका संध्याकाळी त्या ढिगाशी उभे राहून एखादा देठ चावायचे आणि आत जायचे. मला खिडकीतून हे दिसायचं. मी पायमशीन जोरात चालवायचो.

आता लेकीकडे येऊ. थांबाकाकांना एकच लेक. बापाचं नाक, आईची जीभ. वाईन करायचं रीतसर शिक्षण घेऊन आली आणि चार वर्षं बापाच्या हाताखाली काढून एका काढणीनंतर म्हणाली, "पुढच्या काढणीपासून सगळं मी बघते." काकांनी लगेच किल्ल्या दिल्या. मला तर हे अगोदर पटलंच नाही, इतक्या पटकन या घरात काहीच घडत नाही. पुढच्या काढणीला नऊ दिवस उरले असताना तिनं देठ काढायचं यंत्र आणलं. अंगणात ताडपत्रीखाली ते उभं राहिलं. त्याच दुपारी, मी एका पाटलोणीची शिलाई उसवत असताना, आवाज चढले.

"वरच्या मळ्याला यंत्र लावू नकोस," काका म्हणत होते. "तो जुना वेल आहे. एकदा, एकदाच, आजोबांच्या पद्धतीनं कर. मी आता चौऱ्याहत्तरचा आहे, पोरी."

"बाबा, तुम्हीच सव्वीस वर्षं देठ काढताय."

"मी घाबरलो होतो म्हणून काढतोय."

"मग मी का ठेवू? कुणाच्या शब्दावर? मुरली की उभी राहते, असं तुम्ही म्हणता. कुणी पाहिलीय? मला एक बाटली दाखवा. एक! देठाची, मुरलेली. मी चाखते, पटली तर वरचा मळा देठासकट. नाही तर काढणीच्या दिवशी यंत्र सुरू."

"एक बाटली..." काका म्हणाले. त्यांच्याकडे कुठली बाटली असणार? वडिलांच्या आणि त्यांच्या स्वतःच्या वेळच्या गिऱ्हाइकांनी पिऊन टाकलेल्या, आणि अस्तराची गल्लीनं रश्श्यात घातलेली. काढणी नऊ दिवसांवर होती, आणि तीन पिढ्यांची रीत त्या अंगणात हात हलवत उभी होती.

अशी बातमी पोटात ठेवून शिवणकाम होत नाही. मी तडक तळघरात गेलो. आमची ही फळीवरून लोणच्याची बरणी काढत होती. ती उंचीनं माझ्या कोपरापर्यंत येते आणि फळी मी माझ्या मापानं ठोकलीय, हा आमच्या संसारातला सगळ्यात जुना तंटा. मी तिला सगळं सांगितलं, आवाज काढून, हातवारे करून.

ती बरणी छातीशी धरून ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे काकांना ती अस्तराची बाटली हवीय?"

"हो. पण आता ती कुठली मिळायला? गल्लीत कुणाकडेच..."

"अहो, मग मी कशावर उभी आहे?"

मी खाली पाहिलं. संपली, संपली म्हणता म्हणता ती खरंच संपली असं मलाही वाटू लागलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे कळसा बायकोच्या पायाखाली होता. ती पेटी तिनं पहिल्याच महिन्यात फळीखाली ओढली होती आणि तेव्हापासून पायरी म्हणून वापरत होती. सव्वीस वर्षं त्या पेटीवर चढून तिनं लोणची, मुरंबे आणि माझ्यापासून लपवलेली बिस्किटं काढली. पेटीतल्या बाटल्या आडव्या, वर खिळे ठोकलेलं झाकण, अंधार आणि थंडावा. वाईनला याहून चांगली जागा राजालाही देता आली नसती. पण मला आनंद व्हायच्या ऐवजी काकांना मारलेल्या थापा आठवल्या.

"अगं, मी त्यांना सांगितलंय, संपली म्हणून."

"माहितीय. साडूही त्यात होता."

"एक काम करू. एकच बाटली काढू आणि सांगू, साडूकडे एक उरली होती..."

"अहो," ती पेटीवरून खाली उतरत म्हणाली, "वाईन मुरते. खोटं मुरत नाही. उचला ती बाजू."

आम्ही दोघांनी पेटी उचलली आणि काकांचं अंगण गाठलं. तेवढ्या वीस पावलांत मला जितका घाम आला तितका कधी मोठ्या मापाचा कोट शिवतानाही आला नसेल. काका पायरीवर बसले होते. पेटीवरची स्वतःच्या हातची खडूची खूण त्यांनी ओळखली आणि ते उभे राहिले.

"काका," मी म्हटलं, "साडू वाईन पीतच नाही."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं. "मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "तो दर वर्षी पाहुणा येतो तेव्हा माझ्या अंगणात बसून ताक मागतो." आणि मग ते पेटीशेजारी बसले. झाकणावर आमच्या हिच्या चपलांनी झिजून दोन खोलगट डाग पडले होते. त्यावरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "एकही उघडली नाहीस?"

"हिंमत झाली नाही."

"शिंप्या," ते म्हणाले, "देवानं तुला भित्रा केलं, हे माझ्यावर उपकार झाले."

लेक बाहेर आली. तिनं पटाशी आणली आणि झाकण उचकटलं. बारा बाटल्या धुळीत निजल्या होत्या. तिनं एकेक उजेडात धरली. दोन गळलेल्या. उरल्या दहा.

पहिली तिनंच उघडली आणि वास घेऊन बापाच्या हातात दिली. काकांनी हुंगली आणि अंगणाच्या कडेला ओतून टाकली. सरळ सरळ व्हिनेगर. पाववाली कुंपणावरून म्हणाली, "अहो, ओतताय काय? पातेली आहेत की माझी!" कुणी हसलं नाही. मीही नाही, आणि हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

दुसरी काकांनी घेतली. बूच अर्ध्यात आलं आणि भुगा होऊन आत पडलं. लेक म्हणाली, "गेली." काका म्हणाले, "थांब. शिंप्या, मलमल." मी धावत जाऊन धुतलेल्या मलमलीचा तुकडा कापून आणला. काकूंनी काचेचा जग धरला, काकांनी मलमलीतून धार सोडली. जगात उतरला तो रंग लाल म्हणावा असा नव्हता. पावसानं धुतलेल्या विटेसारखा, कडेला तांबूस.

लेकीनं चमचाभर घेऊन चाखली. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिनं चमचा खाली ठेवला आणि हळूच म्हणाली, "बाबा, वाईट नाही. पण काहीच नाही हो. मुकी आहे." आणि ती यंत्राची ताडपत्री सोडायला निघाली. पोरीनं बापाचं मन राखायला खोटं सांगितलं नाही. माझ्यासारख्यानं हे शिकायला हवं होतं.

"थांब," काका म्हणाले.

"बाबा!"

"सव्वीस वर्षं कोंडलेली आहे ती. बाहेर आल्या आल्या कोण बोलतं? तासभर थांब."

आयुष्यात इतका लांब तास मी पाहिला नाही. काकूंनी दोनदा जगावर झाकण घातलं आणि दोनदा काढलं. आमची ही पेटीच्या रिकाम्या कप्प्यांकडे बघत होती. आणि त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. तोच व्यापारी. काढणीच्या आधी दर वर्षी येतो, आता काठी टेकत. खुर्चीवर बसला आणि सवयीनं त्यानं टेबलावरच्या जगातून पेला भरला. काकूंनी बोटाच्या खुणेनं आम्हा सगळ्यांना गप्प केलं.

त्यानं वास घेतला आणि बोलता बोलता थांबला. घोट घेतला. पेला खाली ठेवला नाही. दुसरा घोट घेतला आणि काठी हातातून सुटून पडली, तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ही कुणाची?" त्यानं विचारलं.

"ओळखा," काकू म्हणाल्या.

"ओळखायला अशी कधी प्यायलो असायला हवं ना!"

"प्यायलात," काका म्हणाले. "प्यायलात, हसलात आणि राहू द्या म्हणालात."

म्हाताऱ्याचं तोंड उघडंच राहिलं. "अस्तर?"

तेवढ्यात लेकीनं जग उचलून स्वतःचा पेला भरला होता. ती डोळे मिटून प्यायली. मग मी. मला वाईनची भाषा येत नाही, मी कापडाचा माणूस. पहिल्यांदा जुन्या लोकरी कोटाच्या खिशात हात घातल्यासारखं वाटलं, ऊब आणि कसला तरी ओळखीचा वास. मग सुकलेली गुलाबपाकळी, मग ओली माती. आणि तो तुरटपणा, ज्यानं माझी जीभ धरून ठेवली होती, तो आता रेशमासारखा आतून सरकत गेला. घोट गिळून झाला तरी चव जागेवरच होती, घरी जायचं नाव घेईना.

"काका," मी म्हटलं, "अस्तर जिभेला नको होतं. ते या वाईनलाच होतं, आतून. मी उलट्या बाजूनं बघत होतो."

काका हसले नाहीत. ते लेकीकडे बघत होते. ती यंत्राकडे गेली, ताडपत्रीची सुटलेली दोरी तिनं ओढून घट्ट बांधली, गाठ मारली आणि वळून म्हणाली, "खालच्या मळ्याला यंत्र. वरचा देठासकट. पण हौदात मी उतरणार, तुम्ही नाही. आणि देठ हिरवे असले तर काढायचे, आजोबा असोत की पणजोबा."

"कबूल," काका म्हणाले. त्यांचा आवाज इतका मोठा निघाला की माझ्या खिडकीतलं मांजर उडालं.

व्यापाऱ्यानं उरलेल्या आठ बाटल्यांकडे हात केला. "या सगळ्या मी नेतो. बोला!"

काकांनी त्याचं मनगट धरलं. "थांबा," ते म्हणाले, आणि त्या एका शब्दात सव्वीस वर्षांचं व्याज होतं.

मग त्यांनी जग उचलला, काकूंच्या हातात चमचा दिला आणि दोघं गल्लीत निघाली. त्या दुपारी प्रत्येक दारात हे जोडपं उभं राहिलं आणि दारात आलेल्या माणसाला एक एक चमचा वाईन पाजली. ज्यांनी रस्सा केला त्यांना, ज्यांनी फेकली त्यांना. पाववालीनं चमचा चाटला, घरात जाऊन आपल्या चकचकीत पातेल्यांकडे बघितलं आणि चक्क रडली. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस गल्लीतून असा चालत होता जसा मी त्याला कधी पाहिला नव्हता. छाती पुढे, टोपी मागे. शेवटच्या घरापर्यंत जग रिकामा झाला तरी ते दार त्यांनी ठोठावलंच, नुसता वास द्यायला.

घरी आल्यावर आमची ही म्हणाली, "बाटल्या त्यांच्या, ते ठीक. पण मी आता बरण्या कशा काढू?" मी फळी खाली ठोकतो म्हणालो. ती म्हणाली, सव्वीस वर्षांत ठोकली नाहीत, आता काय ठोकता!

नऊ दिवसांनी काकांनी वरच्या मळ्यात पन्नासेक देठ चावून पाहिले आणि ते बदामासारखे लागले. लेक गुडघ्यापर्यंत हौदात उतरली. काका काठाशी उभे राहून वाकून रस चाखायला गेले, तर आतून आवाज आला, "बाबा, थांबा!" आणि गल्लीनं ऐकलं की थांबाकाका थांबले.

ही गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. गेल्या आठवड्यात त्या पिंपाच्या बाटल्या भरल्या. पहिली पेटी काका स्वतः आमच्या तळघरात घेऊन आले. फळीखाली सरकवली, वर पाय ठेवून दोनदा दाबून पाहिली आणि आमच्या हिला म्हणाले, "चढून बघ, सूनबाई. हलत नाही ना?" ती चढली आणि बिस्किटांचा डबा बरोबर हाती आला.

मग त्यांनी खिशातून एक छोटी बाटली काढून मला पेला भरून दिला आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मी घोट घेतला. जीभ टाळूला जी चिकटली ती सुटेना. डोळ्यांत पाणी आलं. काका वाट बघत होते, बायको पेटीवर उभी राहून वाट बघत होती.

"कशी आहे?" काकांनी विचारलं.

जीभ कशीबशी सोडवून मी म्हणालो, "थांबायला हवं, काका."

ते इतके हसले की भिंतीपलीकडून लेकीनं विचारलं, काय झालं म्हणून.